सोडे कशात घालणार?

क्रेडिट कार्ड आयुष्यात एकदाही हातात न धरता क्रेडिट कार्डाचा चोर ओळखणारी माझ्या आत्याइतकी अधिकारी व्यक्ती अख्ख्या भारतवर्षात दुसरी नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. मोठमोठ्या बँका काचेच्या इमारतींत शेकडो शिकलेली मुलं बसवून जे काम करून घेतात, ते आमची आत्या दिघीजवळच्या आमच्या कोळीवाड्यात, ओट्यावर मांडी घालून, कानाला माझा मोबाइल उलटा लावून एकटी करते. उलटा म्हणजे खरोखरच उलटा. जिथे बोलायचं तिथे ती ऐकते आणि जिथे ऐकायचं तिथे बोलते. त्यामुळे ती ओरडते, पलीकडचा माणूस ओरडतो आणि निम्म्या वाडीला अर्धा किलो बोंबलाचा व्यवहार तपशीलवार कळतो. ज्याच्या पोटात पाप आहे त्याला एवढा आरडाओरडा सोसत नाही, हे तिच्या यशाचं एक कारण असावं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. चाळीस वर्षं ती बोर्लीच्या बाजारात पाटी घेऊन बसली आणि या चाळीस वर्षांत तिने कोणावरही पहिल्या भेटीत विश्वास ठेवला नाही. गिऱ्हाइकाचं तोंड ती बघत नाही, पाय बघते. "तोंड काय, कोनी पन धुतो," असं तिचं म्हणणं. पण तिचा खरा संशय भाव न करणाऱ्यावर. एकदा दिवेआगरला उतरलेले एक पर्यटक तिच्यासमोर उभे राहिले, पापलेटचा भाव विचारला आणि तिने सांगितला तेवढा मुकाट्याने काढून द्यायला लागले. आत्याने पापलेट परत पाटीत ठेवलं. "आदी भाव करा," ती म्हणाली. ते बिचारे म्हणाले, "मावशी, तुम्ही म्हणाल ते." झालं! आत्याने आजूबाजूच्या चार बायकांना हाका मारल्या. आपली काय चूक झाली हे न कळून त्या गृहस्थांनी घाबरत घाबरत दहा रुपये कमी सांगितले. आत्याने त्यांना फैलावर घेतलं, आता मी घरदार विकू का म्हणून विचारलं, आणि शेवटी वीस रुपये कमी घेऊन, वर एक बांगडा टाकून, समाधानाने मासळी दिली. जो भाव करत नाही तो एकतर मासळी खाणारा नाही, नाहीतर पैसे त्याचे नाहीत, हा तिचा सिद्धांत. त्या वेळी मी त्याला हसलो होतो.

टाळेबंदीत बाजार बंद पडला आणि पनवेलच्या कंपनीने मला घरी पाठवलं, तेव्हा मी सुक्या मासळीचं ऑनलाइन दुकान काढलं. वाडीतल्या बायका मासळी वाळवणार, आत्या निवडून बांधणार आणि मी कॉम्प्युटरवर बसणार, अशी वाटणी होती. परवाना आत्याच्या नावे निघाला, कारण मासळीचा अनुभव या रकान्यात माझ्याजवळ लिहिण्यासारखं काही नव्हतं. दुकान चाललं. आखातात आणि अमेरिकेत गेलेली मुलं आपल्या आईवडिलांसाठी इथे मासळी मागवू लागली. त्यांच्यासाठी मी परदेशी कार्डं घ्यायला सुरुवात केली, आणि तिथेच फसलो. आपल्याकडच्या कार्डाला मोबाइलवर आकडे येतात, ते टाकल्याशिवाय पैसे निघत नाहीत. परदेशी कार्डाला पुष्कळदा तेवढंही लागत नाही. एके दिवशी दहा किलो सोड्यांची ऑर्डर आली. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, आमच्या दुकानातला सगळ्यात महाग माल. मी हरखून गेलो. पार्सल दिल्लीकडच्या कुठल्याशा पत्त्यावर गेलं, पैसे जमा झाले, आणि दीड महिन्याने ते जसे आले तसे निघून गेले. कार्ड चोरीचं होतं. ज्याचं होतं त्या साहेबाने त्याच्या देशात तक्रार केली होती आणि बँकेने आमचे पैसे काढून त्याला दिले होते. याला चार्जबॅक म्हणतात, हे मी आत्याला समजावून सांगितलं.

"म्हंजे सोडं पन ग्येलं नि पैसं पन ग्येलं?" आत्याने विचारलं.

"हो."

"मंग चोरी झाली म्हन की! इंग्लिशमदी कला सांगतस?"

वाडीत मात्र तो शब्द 'चारबॅग' असा पोचला. आपल्या चार बॅगा परत गेल्या, असं बायकांनी घेतलं, आणि अजूनही कोणाचे पैसे बुडाले की आमच्याकडे 'चारबॅग झाली' असंच म्हणतात.

त्या दिवसापासून आत्याने कारभार हातात घेतला. ती म्हणाली, तुझ्या त्या दुकानात भाव करायला जागा न्हाय, म्हणून चोर आला. मी तिला दोन तास सांगितलं की वेबसाइटवर भाव करता येत नाही. तिने ऐकलं आणि तिसऱ्या तासाला पुन्हा तेच म्हणाली. शेवटी तिच्या समाधानासाठी मी ऑर्डरच्या खाली एक रिकामा चौकोन ठेवला: 'काही सांगायचंय?' आणि काय आश्चर्य! खरी गिऱ्हाइकं त्या चौकोनात मनसोक्त लिहू लागली. 'मागच्या वेळी मीठ जास्त होतं', 'जवळ्यात वाळू नको', 'थोडं कमी करा ना, दर महिन्याला घेतो', एका बाईंनी तर सासूच्या पथ्याची सगळी हकिगत लिहिली. चोर मात्र चौकोन कोरा सोडायचा. त्याला मिठाशी काय देणंघेणं? मग नियमच ठरला. कोरा चौकोन, महाग माल आणि मागवणारा एकीकडे, मासळी दुसरीकडे, कार्ड तिसऱ्याचं, अशी ऑर्डर दिसली की पार्सल थांबवायचं आणि आत्याने फोन करायचा. फोनवर तिचा प्रश्न एकच, "सोडे कशात घालनार?"

या प्रश्नाची ताकद मला एका दुपारी कळली. आठ किलो सोडे, परदेशी कार्ड, तातडीची डिलिव्हरी. पलीकडचा माणूस हिंदी बोलणारा निघाला, तेव्हा आत्यानेही आपली हिंदी बाहेर काढली. "सोडा किसमें डालेगा तुम?" ती गरजली. मग तो खट्याळपणे म्हणाला, "माताजी, जिसमें सब डालते हैं। शाम को।" आत्याने फोन माझ्या मांडीवर टाकला. "बेवड्याला सोडं ठावं न्हाईत. पैसं परत कर त्याचं." मी कुरकुरत केले. चौथ्या दिवशी आमच्यासाठी कार्डावरून पैसे घेणाऱ्या कंपनीचा निरोप आला की ते कार्ड चोरीचं असल्याचं कळलं आहे, माल पाठवू नका. आत्याला मी तो वाचून दाखवला. तिने मान हलवली, जणू कोणी तिला भरती-ओहोटीची वेळ सांगत होतं.

अर्थात या तपासणीत सज्जनही भरडले जात. पुण्याचे एक डॉक्टर घाईघाईत दोन किलो मागवून बसले आणि त्यांना पेशंटसमोर सोडे वांग्यात की बटाट्यात याचा खुलासा करावा लागला. एका नव्या नवरीला काहीच सांगता येईना. ती म्हणाली, "मला येतच नाही करायला, यांना आवडतात म्हणून मागवले." दुसऱ्या कोणी ही ऑर्डर रद्द केली असती. आत्याने तिला चाळीस मिनिटं सोड्यांची खिचडी शिकवली, मध्ये तिचा गॅस बंद करायला लावला, आणि शेवटी मला म्हणाली, "हिचा पार्सल आदी काढ. खरी हाय." पैसे घेणाऱ्या कंपनीने एकदा एक अर्ज पाठवला होता. फसवणूक रोखण्यासाठी आपण कोणती यंत्रणा वापरता, असा त्यात प्रश्न होता. मी बराच वेळ विचार करून 'मॅन्युअल रिव्ह्यू' असं लिहिलं. आत्याला इतक्या थोडक्यात कोणी कधी बसवलं नसेल.

पण चोरांना पुरून उरणारी आत्या एका बाबतीत आम्हालाच नडली. मासळी मोजून झाली की वर एक मूठ टाकायची, ही तिची बाजारातली सवय. ऑनलाइन दुकानातही ती प्रत्येक पार्सलात मूठ टाकायची, आणि आत्याची मूठ म्हणजे सरळ पाव किलो. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की अर्धा किलो मागवलं, कमी भरलं. मी तावातावाने बँकेला पुरावा पाठवला: हे आमचं बिल, ही कुरिअरची पावती. बँकेने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. बिलात अर्धा किलो, कुरिअरकडे पाऊण किलोच्या वर. 'सादर केलेल्या कागदपत्रांत विसंगती आढळते' असा शेरा मारून निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूने गेला. कमी दिल्याच्या तक्रारीत आम्ही जास्त दिल्यामुळे हरलो! मी आत्यावर चिडलो, मूठ बंद म्हणून सांगितलं. ती एक दिवस जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मोजून दिली ती मासली. वर टाकली ती वलख. वलख न्हाय ठेवायची तर मना पाटी दे, मी बाजारात जाते." तेव्हापासून आमच्या प्रत्येक बिलावर शेवटची ओळ असते: 'आत्याची मूठ, एक नग, शून्य रुपये.' जादा वजनाचा खुलासा कागदावर आला. बँकेने तो काय प्रकार आहे हे आजवर विचारलेलं नाही.

तरीही तोवर हरलेल्या तक्रारींचा आकडा वाढला होता. पैसे घेणाऱ्या कंपनीचं पत्र आलं की आता आणखी एक तक्रार हरलात तर तुमचं खातं बंद करू. खातं बंद म्हणजे दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणजे वाडीतल्या सात बायकांचं वाळवण घरात पडून आणि मी पुन्हा पनवेलच्या कंपनीच्या दारात. पत्र मी आत्याला दाखवलं. तिने दुसऱ्या दिवसापासून प्रश्नात 'आनि मीठ किती लागता?' ही भर घातली. दोन महिने सुखाचे गेले. मग तक्रार आली, आणि ती आली आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाकडून. पुण्याचे हे गृहस्थ दर महिन्याला अर्धा किलो बोंबील आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचे. घर कडक शाकाहारी. बोंबील ते ऑफिसच्या मागे चहावाल्याच्या शेगडीवर भाजून खात, हे त्यांनीच आत्याला सांगितलं होतं. आणि आता त्यांचं बँकेकडे म्हणणं होतं की गेल्या सहा महिन्यांचे हे व्यवहार आपल्या ओळखीचे नाहीत आणि आपल्याला काहीही मिळालेलं नाही.

आत्याने त्यांच्या ऑफिसात फोन लावला. मी फोन तिच्या कानाला सुलटा करून दिला आणि स्पीकर सुरू केला. साहेब रडवेले झाले होते. घरचे सगळे कागद त्यांच्या पत्नी बघतात. कार्डाच्या बिलात त्यांना दर महिन्याला एका बाईचं नाव दिसलं. इथे माझी चूक माझ्या लक्षात आली. आमचं खातं परवान्याप्रमाणे आत्याच्या नावे होतं, आणि दुकानाचं नाव घालायच्या जागीही मी, वेगळं काही न सुचून, तिचंच नाव घातलं होतं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. पण आजोबा ते ठेवताना कसल्या लहरीत होते कोण जाणे, ते नाव एखाद्या नर्तकीला शोभेल असं आहे. पुण्यातल्या कोणत्याही पत्नीने ते नवऱ्याच्या बिलावर वाचलं, तर तिच्या डोळ्यांसमोर जी बाई येईल तिच्या डोक्यावर मासळीची पाटी नक्कीच नसेल. "ही कोण?" असं पत्नीने विचारलं, साहेब गडबडले आणि म्हणाले, "मला काय माहीत? कार्ड चोरीला गेलं असेल." पत्नीने तिथल्या तिथे त्यांना बँकेला फोन करायला लावला.

"आत्या, पुरावा आहे आपल्याजवळ," मी हलक्या आवाजात म्हणालो. "आकडे टाकलेत त्यांनी, ऑफिसातल्या शिपायाच्या सह्या आहेत. पाठवला की जिंकलो."

"बिल बी जाईल त्याच्यात? बोंबीलवाला?"

"जाईल. त्यांच्या घरी कागद जाईल."

साहेब स्पीकरवर कळवळले. "आत्या, पाया पडतो, बोंबलाचं नाव काढू नका. बाईचं मी बघतो काय ते."

ते ऐकून आत्या एकदम ताठ बसली. "म्हंजे बोंबील झाकायला मी? चालीस वरसां बाजारात बसले, कोनी बोट दाखवला न्हाय. आनि हा माझ्या नावावर घरात भांडान लावून बसलाय! कागद न्हाय पाठवायचा. कागदानं घर मोडता. तोंडानं सांगितला तर निस्ता भांडान व्हता. घरचा लंबर द्या."

साहेबांनी दिला. आत्याला नंबर न देणं कोणालाच जमलेलं नाही.

"मी ती बाई," आत्याने सुरुवात केली.

"कोण बाई?" पलीकडून पत्नीचा आवाज.

"तुमचा मानूस दर म्हयन्याला जिला पैसं धाडतो, ती. वय बहात्तर. दात वरती चार, खालती तीन. मी सुकी मासली विकते, बाय. तुमच्या मानसानं माझ्याकडशी बोंबील नेलं. दुसरा कायपन नेला न्हाय."

मला वाटलं, बाईंच्या मनावरचं ओझं उतरलं असेल. पण आवाज आला तो चढलेलाच. "बोंबील? सहा महिने बोंबील?" परस्त्रीपर्यंत त्यांच्या मनाची तयारी झाली होती, बोंबलापर्यंत झाली नव्हती. त्यानंतर त्या पाऊण तास बोलल्या आणि आत्याने मध्ये मध्ये फक्त "व्हय बाय", "खरा हाय बाय" एवढंच म्हटलं. शेवटी शेवटी पलीकडे नाक शिंकरल्याचा आणि मग हसल्याचा आवाज आला. "मी ते नाव डोक्यात घेऊन आठ दिवस झोपले नाही हो," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तक्रार मागे घेतली. खातं वाचलं. पुढच्या महिन्यात त्यांची ऑर्डर आली ती घरच्या पत्त्यावर, आणि खालच्या चौकोनात लिहिलं होतं, 'दोन पिशव्यांत बांधा. वास आला तर परत पाठवीन.' आत्या म्हणाली, ही बाय खरी हाय.

पण पैसे घेणाऱ्या कंपनीने या प्रकरणातून एक गोष्ट नेमकी हेरली. बिलावर माणसाचं नाव येतं म्हणून लोक ओळखत नाहीत आणि तक्रारी येतात, तेव्हा दुकानाला दुकानासारखं नाव द्या, असं त्यांनी कळवलं. योग्यच होतं. मी आत्याला सांगायला ओट्यावर गेलो.

"माझा नाव छापून येता?" तिने विचारलं. तिला ते पुरतं समजलंच नव्हतं. "समद्यांच्या बिलावर?"

"सगळ्यांच्या. अमेरिकेतल्यासुद्धा."

मला तेव्हा जाणवलं की तिचं नाव दुसरीकडे कुठे कधी आलेलंच नव्हतं. घर तिच्या नवऱ्याच्या नावावर होतं, होडी दिराच्या. बाजारात ती मावशी, वाडीत आत्या. परवान्याचा कागद माझ्या फायलीत. तिने बघायला मागितलं. माझ्याजवळ पुण्याच्या बाईंनी नंतर गंमत म्हणून पाठवलेला सहा महिन्यांच्या बिलांचा फोटो होता. त्यात सहा ठिकाणी ते नाव होतं आणि प्रत्येक नावाखाली त्यांनी संतापाने लाल शाईची दुहेरी रेघ ओढली होती. आत्याला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. मी एकेका ठिकाणी बोट ठेवून दाखवलं.

"हा माझा? ह्यो पन?"

"सहाच्या सहा."

"खालती रेघ पन मारलीय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता. ती रेघ कशाची होती हे सांगायची मला हिंमत झाली नाही.

मग तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "काढून टाक. लोकांच्या घरात इस्कोट नको. दुकान ऱ्हायला पायजे." मी आत जाऊन कॉम्प्युटर लावला, तिचं नाव पुसलं आणि 'दिघी सुकी मासळी' असं लिहिलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मला फार वाईट वाटलं, इतकं की दहा किलो सोडे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून खळ्यावरचा जवळा उलटत होती. का कोण जाणे, आयुष्यात कधी केलं नव्हतं ते मी केलं. तिला नावाने हाक मारली. ती वळली नाही. मी पुन्हा, थोडं मोठ्याने मारली. तिचे हात जवळ्यात चालूच होते. मग मी "आत्या" म्हणालो, तशी ती लगेच वळली.

"कोन आलाय रं?" तिने माझ्या पाठीमागे बघत विचारलं. "कवाधरना कोनला हाका मारतस?"